काय पडणार आणि कशावर पडणार

पौष महिना लागला, की इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : यंदा मावठा केव्हा? पुण्यामुंबईकडच्या आपल्या आप्तांना हा शब्द नवा असतो. भर थंडीत आभाळ भरून आले, चार सरी पडल्या, की ते त्याला अवकाळी पाऊस म्हणून मोकळे होतात. माळव्यात तो अवकाळी नव्हे. त्याची इथे वाट पाहिली जाते, आणि तो आला नाही तर गव्हाच्या शेतकऱ्याचे तोंड उतरते.

आमच्या घरी मावठ्याची वर्दी पखवाज देत असे. माझे वडील होळकर दरबारच्या अखेरच्या वर्षांत तिथे पखवाज वाजवीत. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ, त्यामुळे ते दिवस मी पाहिलेले नाहीत, फक्त ऐकलेले आहेत. पखवाज मात्र घरात होता आणि रोज सकाळी वाजत होता. डाव्या बाजूला लावायची कणीक नेहमीइतकेच पाणी घालूनही सैल वाटू लागली, उजव्या पुडीचा स्वर ठोकून चढवला तरी घटकाभरात उतरू लागला, की अण्णा हात थांबवून म्हणत, "उद्यापरवा थेंब पडणार." आणि बहुधा पडत.

यात चमत्कार काही नव्हता. हवेत ओल वाढली की चामडे ती शोषते, सैल पडते आणि स्वर उतरतो. कोरड्या थंडीत तेच चामडे ताणले जाते. अठराव्या शतकात सोस्यूर नावाच्या एका स्विस शास्त्रज्ञाने हवेतला ओलावा मोजण्याचे यंत्र केले, ते माणसाच्या केसावर चालत असे. ओल लागली की केस लांबतो, एवढ्यावर ते उभे होते. अण्णांनी सोस्यूरचे नावही ऐकलेले नव्हते.

त्या काळी राऊकडून एक शेतकरी आमच्याकडे दूध घालीत असे. अण्णांनी पावसाचे भाकीत केले की तो बादली खाली ठेवी आणि त्याच्या माळवी बोलीत विचारी, की पाणी येणार हे खरे, पण ते पडणार कशावर? दाणा भरत असलेल्या गव्हावर पडले तर सोने, आणि कापून खळ्यात पडलेल्या पिकावर पडले तर माती. पाऊस तोच, ढग तोच. अण्णांजवळ याचे उत्तर नसे. ते हसून म्हणत, "ते तुझं तुला ठाऊक. मला फक्त वरचं कळतं."

दूधवाल्याचा हा प्रश्न मी विसरून गेलो होतो. तो मला पुन्हा भेटला काश्मिरात, दहा हजार फुटांवर, गुडघाभर बर्फात. तीच हकीकत आज सांगायची आहे.

माझी भाची पुण्याला नोकरी करते. तिला बर्फावरून स्की घालून घसरण्याचा नाद लागला. आमच्या घराण्यात आजवर कोणी देवासच्या टेकडीपेक्षा उंच चढले नव्हते, त्यामुळे माझ्या बहिणीला याचा मोठा घोर. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर भाची गुलमर्गला निघाली तेव्हा बहिणीने मला गळ घातली, की दादा, तू बरोबर जा. मी संगीतशिक्षक. तिथे जाऊन मी काय करणार, असे मला वाटले. पण मामाला नाही म्हणता येत नाही.

जाण्यापूर्वी पुण्यात दोन दिवस मुक्काम झाला. भाची ज्या चौकातून रोज कामाला जाते त्याला शिमला ऑफिस म्हणतात. पुणेकर हे नाव सहज उच्चारतात, पण पुण्यात शिमला कुठून आले याचा विचार फार थोडे करतात. भारताच्या हवामान खात्याचे मुख्य ठाणे पूर्वी शिमल्याला होते. ते १९२८ साली पुण्याला हलवले आणि त्या दगडी इमारतीला लोकांनी जुनेच नाव चिकटवले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण नाव पुण्यातच राहिले.

हे खाते १८७५ साली निघाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड. दक्षिणेत आणि मुंबई इलाख्यात मोठा दुष्काळ पडून गेला होता आणि पुढचा पाऊस आधी कळावा अशी सरकारची निकड होती. ब्लॅनफोर्डसाहेबांनी त्यासाठी पाहिले कुठे, तर हिमालयाच्या बर्फाकडे. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ फार साचला तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो, असा संबंध त्यांनी १८८४ साली मांडला आणि त्या आधारावर पावसाचे अंदाज देऊ लागले. पुढे या शास्त्रात पुष्कळ भर पडली, दुरुस्त्या झाल्या. पण या देशात हवामानाचा अंदाज बांधण्याची सुरुवात बर्फाचा हिशेब ठेवून झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि आपला मावठा तरी कुठला? तोही त्याच घरचा. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूला हवेचे कमी दाबाचे भोवरे तयार होतात. उंचावरच्या जोरदार पश्चिमी वाऱ्याबरोबर ते इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. हिंदीत त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, मराठीत पश्चिमी चक्रावात. हिवाळ्यात महिन्याला चार ते सात असे येतात. त्यांतला सगळ्यात मोठा वाटा हिमालय अडवून घेतो आणि तिथे त्याचा बर्फ होतो. भोवरा जोराचा असला, त्याला अरबी समुद्राकडची ओल मिळाली, की त्याचे शेपूट राजस्थानावरून माळव्यापर्यंत पोचते. तोच आपला मावठा. तो सरला की उत्तरेचा वारा मोकळा होतो आणि इंदुरात हुडहुडी भरते. म्हणजे गुलमर्गच्या छपरांवर बर्फ आणि आपल्या अंगणात थेंब, हे पुष्कळदा एकाच ढगाचे काम असते.

गुलमर्ग साधारण आठ हजार सातशे फुटांवर आहे. तिथून पाळण्यांची तारवाट, म्हणजे गोंडोला, दोन टप्प्यांनी वर जाते. पहिला टप्पा दहा हजार फुटांवरच्या कोंगडोरीला आणि दुसरा जवळजवळ तेरा हजार फुटांवर अफरवतच्या खांद्यावर. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. दुसरा सुरू झाल्यापासून जगभरचे स्कीवाले तिकडे लोटू लागले. याचे कारण असे, की युरोपात जशा दाबून, आखून, झेंडे लावून तयार केलेल्या वाटा असतात तशा इथे थोड्याच आहेत. बाकी सगळा डोंगर मोकळा. न तुडवलेल्या, कापसासारख्या बर्फातून आपली वाट आपण काढीत उतरायचे, हेच त्यांचे वेड. माझ्या भाचीचेही.

आम्ही पोचलो त्या दिवशी आभाळ दाटून आले होते. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडक थंडीचे चाळीस दिवस, सरून गेले होते. त्यानंतरचा वीस दिवसांचा चिल्लई खुर्दही संपला होता आणि उरलासुरला दहा दिवसांचा चिल्लई बच्चाही आटोपत आला होता. काश्मिरी लोकांनी थंडीला असे थोरला, धाकटा आणि लेकरू म्हणून वाटून टाकले आहे. हवामान खात्याने दोन दिवस बर्फ आणि तिसऱ्या दिवशी उघडीप सांगितली होती. अगदी तसेच झाले. दोन दिवस आम्ही लाकडी खोलीत बुखारीजवळ बसून काढले. तिसऱ्या सकाळी पडदा सारला तर आकाश निळेभोर, ऊन लख्ख, आणि देवदारांच्या फांद्या पांढऱ्या ओझ्याने वाकलेल्या.

भाची आनंदाने नाचायचीच बाकी राहिली. "मामा, अंदाज तंतोतंत खरा ठरला. आज अफरवतच्या दोरीपलीकडे जायचं."

टंगमर्गचा एक वाटाड्या तिने ठरवला होता. चाळिशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने आभाळाकडे पाहिलेसुद्धा नाही. पाळण्याच्या ठाण्यावर गस्ती पथकाचा फलक होता, तिथे तो बराच वेळ उभा राहिला. फलकावर तीनचा आकडा होता. हिमप्रपाताच्या धोक्याच्या जगभर पाच पायऱ्या धरतात : कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त आणि अतिशय जास्त. भाची म्हणाली, "तीन म्हणजे मधलाच की." तो म्हणाला, "इसी तीन पर लोग मरते हैं, बेटी." पुढे मी वाचले तेव्हा कळले, की तो खरे तेच सांगत होता. चार आणि पाचला माणसे भीतीने घरी बसतात. सगळ्यात जास्त बळी तीनवर जातात.

कोंगडोरीला उतरून तो आम्हांला एका बाजूच्या सौम्य उतारावर घेऊन गेला. मला त्याने पायाला बांधायच्या जाळीदार पट्ट्या दिल्या होत्या, त्यामुळे मी फार बुडत नव्हतो. तिथे त्याने फावडे काढले आणि छातीइतका खोल खड्डा खणला. खड्ड्याची एक भिंत त्याने तासून गुळगुळीत केली आणि मला जवळ बोलावून बोट फिरवून दाखवली.

ती भिंत पाहून मी थक्क झालो. बर्फ म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच पांढरा ढीग, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिथे बाकरवडीसारखे थर होते. सगळ्यात वर दोन दिवसांचा भुसभुशीत नवा बर्फ. त्याखाली वाऱ्याने आणून दाबलेला घट्ट थर. त्याखाली बोटाला कडक लागणारी पातळ पापडी, म्हणजे कधीतरी पडलेल्या उन्हाने वरचा बर्फ वितळून पुन्हा गोठल्याची खूण. आणि तळाशी, जमिनीलगत, जाड साखरेसारखे सुटे दाणे. मूठ भरून दाबले तरी त्यांचा गोळा होईना, बोटांतून गळून गेले.

ही साखर कशी होते ते मला नंतर समजले. हिवाळ्याच्या आरंभी बर्फ थोडाच पडतो आणि मग कोरडी, कडक थंडी राहते. बर्फाखाली जमीन शून्य अंशाच्या जवळ असते आणि वरची हवा उणे दहा-पंधरा. थर पातळ असला की एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडतो. मग खालची वाफ दाण्यादाण्यांतून वर सरकते आणि वाटेत जुने दाणे मोडून कोनदार, मोठे, एकमेकांना न धरणारे दाणे घडवते. वर पुढे कितीही बर्फ साचो, तळाचे हे दाणे कित्येक आठवडे तसेच राहतात. घर पक्के बांधावे आणि पायात साबुदाणा भरावा, तसला प्रकार.

मग त्याने भिंतीला लागून मोजून तीस सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोनी खांब कापून मोकळा केला. फावड्याचे पाते खांबाच्या डोक्यावर आडवे ठेवले आणि त्यावर हाताने थापा द्यायला लागला. पहिल्या दहा थापा नुसत्या मनगटातून. पुढच्या दहा कोपरापासून. आणि त्यानंतर दहा खांद्यापासून, सगळा हात उचलून. माझ्या आयुष्याची पहाट तबल्या-पखवाजाच्या शेजारी गेलेली. थाप मनगटातली, कोपरातली की खांद्यातली, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. पण थापा मोजून डोंगराची नाडी पाहतात, हे मला कधी स्वप्नातही आले नसते. मी मनात मोजू लागलो. दहा झाल्या, काही नाही. अकरा. बाराव्या थापेला, म्हणजे कोपरातल्या दुसऱ्याच थापेला, खांब तळच्या साखरेवरून कापल्यासारखा सुटला आणि सुरीने कापलेल्या बर्फीच्या वडीसारखा पुढे घसरून आला.

वाटाड्याने फावड्याचा बर्फ झटकला. "आज नहीं."

भाचीचा चेहरा पडला. "पण हा एक खड्डा झाला. सगळा डोंगर असाच असेल कशावरून? आणि हवा तर बघा!"

तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. एका खड्ड्यावरून डोंगर कळत नाही, वीस पावलांवर थर निराळा असू शकतो. म्हणून जाणते लोक एकाच खुणेवर विसंबत नाहीत. चोवीस तासांत किती बर्फ पडला, वारा कुठल्या दिशेने वाहिला, ऊब एकदम वाढली काय, शेजारचा एखादा उतार नुकता सुटला आहे काय, हे सगळे ते जमवतात. वारा तर मोठा कारभारी. तो एका बाजूचा बर्फ उचलतो आणि धारेपलीकडे, आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. आभाळातून वीतभर पडला असेल तिथे हातभर साचतो. शिवाय उताराचा कोनही हवा. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत घातकी. आपल्या घरचा जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे जिन्याएवढा उतार, आणि स्की घालून घसरायला सगळ्यात मौजेचाही तोच.

परत ठाण्याकडे निघालो. सपाटीवरूनच चाललो होतो. वाटाड्या पुढे, मी मधे, भाची मागे. आणि तेवढ्यात मी तो आवाज ऐकला.

त्याचे वर्णन करणे कठीण आहे. धप्प. फार मोठा नव्हे, पण खोल. पखवाजाच्या डाव्या बाजूवर, ताजी ओली कणीक लावलेली असताना, उघड्या पंजाने एकच घुमारेदार थाप द्यावी आणि ती खोलीत नव्हे, जमिनीच्या पोटात वाजावी, तसा. पायाखालचा बर्फ तसूभर खाली बसल्याचे जाणवले आणि तो आवाज माझ्यापासून दूर, चहूकडे धावत गेला. मी थबकलो. वाटाड्याही जागच्या जागी थांबला होता. त्याने वळून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सुना आपने?"

तळचा साखरेचा थर आमच्या वजनाने एका क्षणात बसला होता आणि त्यातली हवा बाहेर फेकली गेली होती. तोच तो आवाज. आम्ही सपाटीवर होतो म्हणून पुढे काही घडले नाही. हाच थर जिन्याएवढ्या उतारावर बसता, तर वरची सगळी लादी निसटली असती. इतकेच नव्हे, खाली सपाटीवर बसलेला थर कधी कधी शेजारच्या उतारापर्यंत तडा पोचवतो आणि वरचा बर्फ चालणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून वाटाड्याने आम्हांला डोंगराच्या पायथ्यापासून आणखी लांबून, एकेकाला अंतर ठेवून चालवले. बर्फ इतका स्पष्ट क्वचितच बोलतो, असे तो म्हणाला. बोलला की मग त्याच्याशी वाद घालायचा नाही.

त्या संध्याकाळी भाची माझ्याशी नीट बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरलो. निघताना तिने वळून अफरवतकडे पाहिले. तो उतार जसाच्या तसा होता, शुभ्र, अखंड. दुसऱ्या कोणाच्या तरी स्कीच्या दोन नागमोडी रेषाही त्यावर उमटलेल्या दिसत होत्या. "बघा," ती म्हणाली, "काही झालं नाही. ते गेले आणि उतरले. आपणही उतरलो असतो."

मी गप्प बसलो, कारण तिचे खरे होते. त्या दिवशी तो उतार सुटला नाही. अशा वेळी थांबवणारा माणूस भित्रा ठरतो आणि अंदाज खोटा. इंदुरात आपण तेच करतो. वेधशाळेने पाऊस सांगितला आणि पडला नाही की चहाच्या टपरीवर हशा पिकतो. पण धोका म्हणजे घडणारच, असे नव्हे. दहांतून एकदा कोसळणाऱ्या उतारावरून नऊ जण सुखरूप उतरतात, आणि उतार चांगला होता म्हणून सांगतात. दहावा काही सांगायला येत नाही.

वर्ष गेले. १ फेब्रुवारी २०२३ च्या संध्याकाळी भाचीचा पुण्याहून फोन आला. अफरवतवर हिमप्रपात होऊन पोलंडचे दोन स्कीवाले दगावले होते. त्यांच्या मागचेपुढचे पुष्कळ जण बचाव पथकाने सोडवून आणले. दोन दिवसांपूर्वी काश्मिरात मोठी हिमवृष्टी होऊन गेली होती आणि हिमप्रपाताचे इशारे निघालेले होते. भाची बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "मामा, तो आवाज आठवतो?" मी म्हटले, "आठवतो." एवढेच आमचे बोलणे.

त्यानंतर मी या विषयात थोडे लक्ष घातले. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर तीनसुद्धा कठीण. इतक्या वेळात खालून कुमक पोचत नाही, सोबत्यांनीच काढावे लागते. म्हणून मोकळ्या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेश देणारे छोटे यंत्र, टोचून पाहायची लांब सळई आणि फावडे ही तीन साधने हवीतच. आणि बळी गेलेल्यांच्या दहा प्रसंगांतल्या नऊ प्रसंगांत बर्फ आपण होऊन पडलेला नसतो. त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच तो सोडवलेला असतो. दुर्दैवापेक्षा निवडीचा भाग यात मोठा आहे.

अर्थात सगळ्यांना निवड नसते. ज्या १९४८ साली आमच्या वडिलांचा दरबार उठला, त्याच साली गुलमर्गला लष्कराची स्की-शाळा सुरू झाली. आज ती अतिउंचावरील युद्धशाळा म्हणून प्रसिद्ध आहे. २०१० च्या ८ फेब्रुवारीला खिलनमर्गला तिच्या शिकाऊ तुकडीवर हिमप्रपात कोसळून सतरा जवान गेले. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम ठाण्यावर दहा जण गाडले गेले, त्यांत एक आपल्या साताऱ्याकडचा होता. महूची छावणी आपल्या शेजारी आहे आणि इंदूरच्या कितीतरी घरांतली मुले फौजेत आहेत, तेव्हा ही बातमी आपल्याला परकी नसावी. या जवानांसाठीच १९६९ साली मनालीला बर्फ आणि हिमप्रपात यांचा अभ्यास करणारी संस्था निघाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संरक्षण संस्थेत विलीन होऊन चंडीगडच्या नव्या नावाखाली आली. जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या भागांसाठी तिचे हिमप्रपाताचे इशारे निघतात. हौशी स्कीवाल्यालाही ते वाचता येतात. सैनिकांच्या मरणातून जमलेले ते ज्ञान आहे.

अलीकडे हिवाळाही बेभरवशाचा झाला आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ बोडके होते, पिवळ्या गवतावर प्रवासी फिरत होते. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतल्या राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. बर्फ कमी म्हणजे धोका कमी, असे कोणालाही वाटेल. पण खड्ड्यातली ती साखर आठवा. आरंभीचा बर्फ पातळ आणि थंडी कोरडी असली की तळ कच्चा होतो, आणि मग उशिरा येणारा मोठा बर्फ त्या कच्च्या तळावर बसतो. २०२४ मध्ये कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत भरभरून बर्फ पडला आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या वर एक रशियन स्कीवाला हिमप्रपातात गेला. त्या उताराचे थर मी पाहिलेले नाहीत, म्हणून कारण सांगत नाही. क्रम मात्र नोंदण्यासारखा आहे.

हवेचा अंदाज आज किती पुढे गेला आहे! पश्चिमी चक्रावात निघाला की चार-पाच दिवस आधी त्याची वर्दी मिळते. पण तो अंदाज फक्त काय पडणार ते सांगतो. कशावर पडणार हे सांगायला कोणीतरी फावडे घेऊन, गुडघाभर बर्फात उतरून, भिंत तासून पाहावी लागते. आभाळ आजचे असते. बर्फात मात्र सगळ्या हिवाळ्याचा जमाखर्च असतो. राऊचा तो दूधवाला हेच विचारत होता.

आजकाल आपल्या घरांतली मुले पुण्याबंगळूरहून परस्पर गुलमर्ग, औली, मनालीला जातात. त्यांना जाऊ नको म्हणण्यात अर्थ नाही. ती ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये. पण निघताना आपण स्वेटर आणि लाडू यांची चौकशी करतो, त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. वाटाड्या जाणता आहे ना? ती तीन साधने बरोबर आहेत आणि वापरता येतात ना? आणि तो नाही म्हणाला तर परत फिराल ना? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड. मैफलीत रंग भरलेला असताना आवाज साथ देत नाही हे ओळखून वरच्या षड्जाला हात न घालता खाली येणे, हे मी तीस वर्षे शिकवतो आहे, आणि माझ्या बऱ्याच शिष्यांना ते अजून जमलेले नाही. मलाही नेहमी जमते असे नाही.

भाची अजून दरवर्षी जाते. गेल्या खेपेला एके दुपारी तिचा फोन आला. बाहेर इंदुरात मळभ होते आणि मी अण्णांच्या जुन्या पखवाजाची पुडी ठोकत बसलो होतो. स्वर काही केल्या राहीना.

"मामा, आज मधूनच परत फिरलो. बरोबरचे दोघे चिडलेत माझ्यावर."

"धप्प झालं का?"

"नाही. खड्डा खणला. चौदाव्या थापेला सुटलं."

मी तिला म्हटले, खोलीत गरम बस, चहा घे. आणि इकडचे सांगितले, की पखवाज उतरला आहे, उद्यापरवा मावठा येणार. तिने विचारले, "गहू कुठवर आलाय?"